कातीचा दिवस

“अळ्यांना दिवसातून चार टायमाला ताजा पाला. आन माणसाच्या लेकराला काय? चार्जर.”

शिवकन्या हे कुणाला ऐकवायला बोलली नव्हती. रेशमाच्या शेडमध्ये रॅकच्या सगळ्यात खालच्या कप्प्यापुढं उकिडवी बसून ती अळ्यांवर चुना भुरभुरत होती आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती. पण हिरव्या जाळीच्या पलीकडं, हातभर अंतरावर, तिची सासू साखराबाई खाऊन उरलेल्या तुतीच्या काड्या गोळा करत होती. साखराबाईचे गुडघे गेले होते, दोन दाढा गेल्या होत्या, कान मात्र शाबूत होते. त्यातून सुनेचं पुटपुटणं सासूला ऐकू येतंच. मोठ्यानं बोलली तर एखादवेळी येत नाही.

साखराबाईनं काड्यांचा भारा मुद्दाम धाडदिशी आपटला.

“काय म्हणलीस?”

“काय न्हाई आत्याबाई. चुना संपत आला म्हणलं.”

“चुना न्हवं, चार्जर म्हणलीस.”

चुन्याची चाळणी तेवढी जरा जोरात हलू लागली.

आज कात होती. रेशमाच्या अळ्या चार वेळा कात टाकतात, ही चौथी. कातीला बसलेली अळी डोकं वर करून थिजल्यासारखी राहते आणि त्या दिवशी तिला पाल्याचं नावसुद्धा नको असतं. म्हणजे घरातल्या माणसांना तेवढा एक दिवस मोकळा. उद्यापासून शेवटचं खाणं. सात-आठ दिवस त्या अशा खातात की पाला कापणाऱ्याचा हात आणि टाकणाऱ्याची कंबर एकमेकांना शिव्या देतात. तेव्हा कुणी मेलं तरी खांदा द्यायला घरातला एकच माणूस जायचा. तीन वर्षांपूर्वी बदनापूरपासून आठ किलोमीटर आत असलेल्या या रानात शेड उभं राहिलं, तेव्हापासून या घराचं पंचांग अळ्यांच्या अंगात होतं. लग्न, बँक, दवाखाना, सुनेचं माहेर, सगळं कातीला.

आजची कात शितूसाठी राखलेली होती.

शितू म्हणजे शिवकन्या आणि अंगदची लेक, शीतल. वय दोन वर्षं दहा महिने. पावसाळ्याच्या आधी अंगणवाडीत पोरं तपासायला डॉक्टर आले होते. त्यांनी शितूला पाठीमागून हाक मारली, पुढून मारली, बाहुली दाखवली, नाव विचारलं, आणि मग चिठ्ठी लिहून दिली: जालन्याच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन कान आणि बोलणं दाखवा, बाराच्या आत पोचा. ती चिठ्ठी आरशाच्या मागं खोचलेली होती. त्यानंतर अळ्यांच्या दोन बॅच निघाल्या. पहिल्या बॅचच्या कातीला अंगदच्या मावसभावाची सुपारी फुटली. दुसऱ्या बॅचच्या कातीला नवे रॅक आणायचे होते. दर वेळी सगळे एकच म्हणाले, एवढी बॅच निघू दे.

दीड वर्षाची असताना शितू चार शब्द बोलायची. माय, आबा, भू आणि दे. ‘भू’ म्हणजे दारातली शेळी. त्या चारांचे पाच झाले नाहीत. पुढं पुढं ते चारही कमी कमी होत गेले, जसं भांड्यातलं तूप कुणी संपवलं ते कळत नाही पण तळ दिसायला लागतो. घरात कुणी म्हणालं नाही की पोरगी बोलत नाही. म्हणायचं ते असं, उशिरा बोलणारं लेकरू आहे. आणि त्याला पुरावा होता, खुद्द तिचा बाप. अंगद बी चार वर्षाचा झाल्यावर बोलला!

हे वाक्य साखराबाईचं. पहिल्यांदा ती गिरणीवर बोलली, दळण घ्यायला आलेल्या एका बाईचं तोंड बंद करायला. मग सुनेला बोलली. मग इतक्यांदा बोलली की अंगदच आता स्वतःबद्दल ते चारचौघांत सांगायचा, वर हसायचा, “मी बी मुखदुर्बळच हुतो.”

खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं, साखराबाईला आणि तिच्या नवऱ्याला, काकासाहेबांना. तेव्हा त्यांच्याकडं मेंढरं होती. साखराबाई अंगदला काखेत मारून दिवसभर मेंढरांमागं फिरायची, आणि तिचं तोंड म्हणजे गिरणीचा पट्टा. मेंढराशी बोलायची, कुत्र्याशी बोलायची, पायात मोडलेल्या काट्याला नाव ठेवून त्याच्याशी भांडायची. अंगद सव्वा वर्षाचा असताना काखेतूनच “हुर्रर, चल चल” करून मेंढरं हाकायचा. दोन वर्षांचा झाला तेव्हा त्याला “आता गप बस रे बाबा” म्हणून हात जोडावे लागायचे. तो जन्मापासून आजपर्यंत एक दिवस गप बसला नव्हता.

काकासाहेबांनी मात्र बायकोचं हे वाक्य कधी खोडलं नाही. त्यांना सोयीचं पडलं. सोयीचं सगळ्यांनाच पडलं.

सकाळी आठलाच शिवकन्येनं शितूला आंघोळ घातली, पिवळा फ्रॉक घातला, केसांत दोन चिमटे लावले. स्वतः नवी साडी नेसली. मग साडी कमरेला खोचून म्हणाली, जाईपर्यंत चुना तरी मारून घेते. अंगद घरात नव्हता. गाडीही नव्हती.

“पेट्रोल टाकायला गेले असतील,” ती म्हणाली.

“असंल,” साखराबाई म्हणाली. आणि काड्या गोळा करायला गेली.

तिला माहीत होतं तो कुठं गेला ते. तिनंच धाडला होता.

झालं होतं असं. काल दुपारी अंगदच्या फोनची बॅटरी संपली आणि शितूनं तो हौदाच्या कडेवर आपटला. काचेचं जाळं झालं, आत नुसतं काळं. तिथून पुढं पोरीनं जे आभाळ डोक्यावर घेतलं! साखराबाई दुधात कुस्करलेली भाकरी घेऊन तासभर तिच्या मागं फिरली. चिऊ दाखवली, शेळी दाखवली, शेवटी स्वतः शेळीसारखी ओरडून दाखवली. पोरगी तोंड उघडायची ती किंचाळायला. वाटी दोनदा उडाली. एवढ्या आकांतात एक शब्द नाही. मागणं असं नाहीच, नुसता आवाज. साखराबाईनं ते बघून न बघितल्यासारखं केलं. उलट तिला राग आला. पोरीचा आला, फोनचा आला, फोन शोधून काढणाऱ्याच्या खानदानाचा आला.

दिवेलागणीला गोठ्यात अंगद धार काढत होता. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

“उद्या उठून आधी फोन नीट करून आन.”

“उद्या शितूला न्यायचंय ना माय?”

“दवाखाना काय पळून चालला का? परवा अळ्या खायला उठतील. तू पाला कापनार, ती टाकनार, तुझे आबा आन मी काड्या वडनार. शितूला कोन धरील? तू धरतो?”

दुधाची धार तेवढी चालू.

“शिवकन्येला काय सांगू?”

“काय सांगू नगं. जल्दी ये, म्हंजे दोनी कामं हुतील.”

दोन्ही कामं होणार नाहीत हे बोलताना तिला पक्कं ठाऊक होतं. बायका असं बरंच काही ठाऊक असताना बोलतात. पुरुषही बोलतात, पण त्यांना ते नंतर आठवत नाही.

नऊ वाजले. दहा वाजले. काकासाहेब बांधावर जाऊन रस्ता बघून आले आणि कुणी विचारलं नसताना म्हणाले, “गर्दी असंल.” कशाला गर्दी, ते बोलले नाहीत. शिवकन्या दारात जाऊन यायची, आरशामागची चिठ्ठी काढायची, वाचायची, परत खोचायची. फोन केला असता, पण कशानं करणार? स्वतःचा फोन तिनं शितूच्या बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा, जुना झाला म्हणून, भावाला देऊन टाकला होता. काकासाहेबांचा बटणाचा फोन होता, त्यावरून, अंगदचा फोन फुटलाय हे ठाऊक असूनही, तिनं त्याच्या नंबरावर लावून बघितलं. बंद.

शितू तुतीच्या ढिगापाशी बसली होती. उद्यासाठी थोडा पाला कापून ओल्या पोत्याखाली झाकलेला होता, तिथं. बराच वेळ रडून रडून ती थकली होती. साखराबाई तिला उचलायला म्हणून गेली आणि दोन पावलं अलीकडंच थांबली.

पोरीनं तुतीचं एक मोठं पान डाव्या तळहातावर आडवं धरलं होतं. उजवा अंगठा ती त्यावरून खालून वर असा सरकवत होती. एकदा, दोनदा, तीनदा. थांबून पानाकडं टक लावून बघायची. काही होत नाही म्हटल्यावर पान टाकायची आणि ढिगातून दुसरं घ्यायची. तिच्या फ्रॉकभोवती चाळीस-पन्नास पानं पडली होती, सगळी अंगठ्यानं चुरगळलेली.

“शिते,” साखराबाईनं हाक मारली. “ए शिते. ए माझ्या राणी.”

पोरीनं मान वळवली नाही. नवं पान घेतलं.

साखराबाईला एवढा संताप आला की तिनं पोत्यावर लाथ मारली. म्हाताऱ्या गुडघ्याची लाथ, पोतंसुद्धा हललं नाही. ती मटकन खाली बसली, पोरीच्या फ्रॉकवरची पानं एक एक उचलून बाजूला टाकू लागली, आणि तिच्या लक्षात आलं की एवढा वेळ इथं बसूनही आपण पोरीशी बोलत नाही आहोत. काय बोलावं ते सुचेना. काट्याशी भांडणारी ही बाई!

साडेअकराला गाडीचा आवाज आला. अंगद खुशीत होता. गाडी स्टँडला लावायच्या आधीच त्यानं खिशातून फोन काढून उंच धरला.

“नवी काच! वरून गार्ड बी लावून आनलं. आता आपटू दे किती आपटायचा ते.”

शिवकन्या पायरीवरून उतरली.

“कुठं गेल्तात?”

“जालन्याला.”

“जालन्याला.” तिनं तो शब्द चघळून बघितला. “कुनाला घेऊन?”

“अगं, ती काल्ह्यापून जेवत न्हवती—”

“फोनाला घेऊन गेल्तात. फोनाला जालन्याला नेलं. फोनाला डॉक्टर दाखवला.” तिचा आवाज अजून खालीच होता, त्यानं अंगद जास्त घाबरला. “मंग? नंबर जल्दी लागला का फोनाचा? का लाइनीत बसावं लागलं? काय म्हणले डॉक्टर, बोलंल का आता?”

“शिवकन्ये, दमानं. आता निघू की. पोचू आपुन.”

“बाराला बंद हुतंय! तीन महिने झाले आरशात बघते तवा ती चिठ्ठी बघते मी! तोंड न्हाई दिसत मला माझं, चिठ्ठी दिसती!” आता शेडच्या पत्र्यापर्यंत आवाज गेला. “पहिल्या कातीला सुपारी. दुसऱ्या कातीला रॅक. तिसऱ्या कातीला फोन. माझ्या पोरीचा नंबर ह्या घरात शेळीच्या बी मागं हाय!”

“पुढच्या कातीला बिलकुल—”

“पुढच्या कातीला तीन वर्षाची हुईल ती!”

काकासाहेब म्हणाले, “पोरी, अळ्या कातीला बसल्यात. आरडू नगं.”

हे ऐकून शिवकन्या त्यांच्याकडं वळली आणि हसली. तसलं हसू साखराबाईनं आजवर बघितलं नव्हतं, आणि परत बघायची तिची छाती नव्हती. “व्हय मामा,” ती म्हणाली. “अळ्यांना आवाज व्हायला नगं.”

ती अंगदच्या हातातून फोन हिसकायला गेली. त्या ओढाताणीत कुणाचं तरी बोट कशावर तरी पडलं आणि फोनमधून ती ओळखीची लाडिक चाल वाजायला लागली, रंगीत गाड्यांच्या गाण्याची.

तुतीच्या ढिगापाशी शितूनं मान वर केली. हाकेला न वळलेली मान. ती उठली, धावत आली, आईच्या साडीला न धरता सरळ फोनला धरलं. आणि हसली. कालपासून पहिल्यांदा. शिवकन्येची बोटं सैल पडली. पोरगी फोन घेऊन पायरीवर बसली, अंगठा सरकू लागला.

आणि अंगणात शांतता झाली.

साखराबाईनं त्या शांततेत सगळ्यांची तोंडं बघितली. अंगदनं श्वास सोडला. काकासाहेबांचे खांदे खाली आले. शिवकन्येचेसुद्धा. संतापानं लाल झालेल्या सुनेच्या कपाळावरची शीरसुद्धा खाली बसली. आणि खुद्द साखराबाईला? बरं वाटलं. सगळ्यांना एकाच वेळी बरं वाटलं, जशी भूक लागलेली जनावरं दावणीला पेंढी पडल्यावर निवतात. साखराबाईला स्वतःची अशी शिसारी कधीच आली नव्हती.

तेवढ्यात अंगणवाडीच्या दैवशालाताई आल्या. स्कूटी लावली, डोक्याचा रुमाल सोडला, रजिस्टर काढलं. गेल्या आठवड्यात त्यांनीच बजावलं होतं, या कातीला नक्की जा.

“जाऊन आलात? काय म्हणले?”

दैवशालाताईंनी शितूकडं बघितलं, फोनच्या चकचकीत काचेकडं बघितलं, शिवकन्येच्या नव्या साडीकडं बघितलं, आणि त्यांना कळलं.

“बरं,” त्या ओट्यावर बसल्या. “मला वर लिहून द्यावं लागतं. फोन किती बघती दिवसातून?”

“असंल अर्धा-पाऊन तास,” अंगद म्हणाला.

“मी तर देतच न्हाई,” काकासाहेब म्हणाले. “सकाळी अंगदच्या फोनवर हरिपाठ लावतो मी माझा. ती शेजारी बसती. मंग तेवढ्यात ती तिचं काय लावती ते लावती.”

“मी भाकरी चारताना,” साखराबाई म्हणाली. “जेवण्यापुरता.”

“जेवायला किती वेळ लागतो मावशी?”

“लेकराला लागतोच की घंटाभर. दोन टाइम.”

“मी शेडमधी असते तवा,” शिवकन्या म्हणाली. तिनं कुणाकडं बघितलं नाही. “आत लेकरू न्हाई चालत. दाराशी बसवते. पाला टाकायला घंटा-दीड घंटा लागतो. चार टाइम.”

दैवशालाताईंचा पेन रजिस्टरवर टेकलेला होता. “आता ह्याची बेरीज मी करू का तुमीच करता?”

अंगद भडकला. इतका वेळ त्यानं बायकोचं ऐकून घेतलं होतं, ते सगळं इथं निघालं. “आमी काय मजा मारायला देतो का ताई? चौघंबी राबून राह्यलो इथं. तुमची अंगनवाडी दुपारी बंद. ठेवता का सहापस्तोर? ठेवा की! मंग बघा फोन देतो का. सरकार पोस्टर लावतं, लेकराशी बोला म्हणून. बोलतो की. कधी बोलू? झाडावर चढून पाला कापताना?”

“तुती काय झाड असतंय का रे चढायला!” दैवशालाताईही उसळल्या. “आन मला काय शिकवतो? माझा पोरगा सात वर्षाचा हाय. आत्ता ह्या टायमाला घरी फोनच बघून राह्यलाय. कारण त्याची माय तुझ्या अंगनात बसून तुझ्या लेकीचं लिहून घेतीय! मी काय वरून पडलेली हाय का? फोनानंच झालं असं बी मी म्हणत न्हाई. कानाचं असंल, दुसरं काय असंल. ते दाखवा म्हणून तर घसा कोरडा करून राह्यले तीन महिने. आन तवर कुनीतरी बोला तिच्याशी. नुसतं बोला!”

“हुतं लेकरू उशिरा एखादं,” अंगद म्हणाला. आवाज उतरला होता त्याचा, आता तो मागत होता. “मी बी चार वर्षाचा हुतो. माय, सांग की ताईला. मी कधी बोललो?”

सगळ्यांनी साखराबाईकडं बघितलं. शिवकन्येनंही बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता. एवढ्या भांडणानंतरही त्या डोळ्यांत एक विश्वास होता, चार वर्षांपर्यंत थांबायची तयारी असलेला. तीन महिने ती त्याच वाक्यावर झोपली आणि उठली होती. काकासाहेबांनी मान फिरवून शेळीकडं बघायला सुरुवात केली. शेळीत बघण्यासारखं काही नव्हतं.

हो म्हणायचं. एवढंच. मग ताई जातील, पोरगी फोन बघेल, उद्या अळ्या उठतील, सगळे कामाला लागतील. तोंडावर आलेलं ते ‘हो’ साखराबाईनं गिळलं.

“सव्वा वर्षाचा हुतास,” ती म्हणाली.

अंगदला कळलं नाही. “काय?”

“बोललास तवा. सव्वा वर्षाचा. मेंढरं वळायचास माझ्या काखंतून. तुझ्या आबाला विचार. मी खोटं बोलले, गिरनीवर बी आन घरात बी. आन आज फोन आनायला ह्याला मीच धाडलं, शिवकन्ये. त्याच्यावर वरडू नगं. माझ्यावर वरड.”

शिवकन्या वरडली नाही. ती पायरीवर, लेकीच्या शेजारी, हळूच खाली बसली. शितू सरकली नाही, वळली नाही. काकासाहेब म्हणाले, “अगं, आता कशाला...”

“तुमी गप बसा! लई गप बसलात, आज आनखी बसा!” साखराबाईचा आवाज चिरकला, शेडच्या जाळीतून आरपार गेला, आणि कातीला बसलेल्या अळ्यांची तिनं फिकीर केली नाही. “लिही गं बाई. आठ तास लिही, धा तास लिही. आन त्याच्याखाली हे बी लिही. आमची पोरगी बोलत न्हाई. उशिरा-बिशिरा काय न्हाई, बोलत न्हाई. आन आमाला ते बरं पडून राह्यलंय.”